यीस्ट निवडण्याआधी थर्मामीटर बघा

बेल्जियममधल्या वेस्टमाल मठाच्या ब्रूअरीतून यीस्ट भरून वेस्टव्लेटरेनच्या मठात नेतात. दोन्हीकडे ट्रॅपिस्ट पंथाच्या साधूंची एल, म्हणजे उबेत आंबवायची बिअर, बनते आणि दोन्हीकडे यीस्ट एकच. वेस्टमालमध्ये वर्ट, म्हणजे बिअर होण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, साधारण १८ अंश सेल्सिअसला आंबायला लागतं आणि २० च्या आसपास त्याला रोखून धरतात. वेस्टव्लेटरेनमध्ये ते २० च्या सुमारास सुरू होतं आणि २८ पर्यंत चढलं तरी चढू देतात. दोघांच्या रेसिपीत इतरही फरक आहेत. तरी एकाच यीस्टकडून दोन ठिकाणी दोन वेगळी कामं करून घेतली जातात, आणि ती करून घेण्याचं मुख्य साधन म्हणजे तापमान.

घरी एल बनवायला शिकणारी माणसं बहुतेक वेळा रेसिपीपासून सुरुवात करतात. रेसिपीत लिहिलेलं यीस्ट मागवतात, वर्ट शिजवतात आणि बादली घरातल्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवून देतात. हा क्रम उलटा करावा असं माझं ठाम मत आहे. बादली जिथे आठ-दहा दिवस राहणार आहे, त्या जागेचं तापमान आधी बघा. त्या तापमानात नीट वागणारं यीस्ट मग निवडा. त्या यीस्टला कुठली एल शोभेल, हा प्रश्न त्यानंतरचा. यीस्ट आणि तापमान हे दोन वेगळे निर्णय धरले की दोन्ही चुकतात.

पुढे जाण्याआधी कायद्याचं सांगून टाकतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती का असेना. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर बनवायला परवाना लागत नाही. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यानं केंद्रीय पातळीवर वाट मोकळी झाली. राज्यांचे कायदे मात्र वेगवेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये परवानगी द्यायला तयार झाली. म्हणजे इथे लिहिलेलं करून बघता येईल ते लीड्स, न्यू जर्सी किंवा डॅलसमधल्या मराठी घरांत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मायक्रोब्रूअरीत समोर आलेल्या ग्लासातला वास कुठून आला, हे ओळखायला त्याचा उपयोग होईल.

बादलीत काय चालतं

माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवून, गाळून, हॉप्स नावाच्या कडू फुलांबरोबर उकळून गार केलेलं गोड पाणी म्हणजे वर्ट. त्यात मुख्यतः माल्टोज, थोडं ग्लुकोज आणि माल्टोट्रायोज नावाची जरा अवघड शर्करा असते. यीस्ट त्या शर्करेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं, एवढं शाळेत शिकलेलं असतं. एलची चव मात्र ठरते ती यीस्ट हे काम करता करता जे बाकीचे पदार्थ सोडतं त्यांच्यावर. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतकेच ते असतात, पण नाकाला तेवढे पुरतात.

त्यातले सगळ्यात महत्त्वाचे एस्टर. आयसोअमाइल ॲसिटेटला केळ्याचा वास असतो, इथाइल हेक्सानोएटला सफरचंदाचा. इथाइल ॲसिटेट बेतात असलं तर फळाची झाक देतं, वाढलं की नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली उघडल्यासारखं वाटतं. बिटर नावाच्या इंग्लिश एलमध्ये जी फळांची हलकी गोडसर छटा असते ती एस्टरांची. ती काढून टाकली तर बिटर निर्जीव लागते. एस्टर म्हणजे दोष असं समजून सरसकट सगळ्या एल थंडीत आंबवणारे लोक एलची मजाच घालवतात.

दुसरा गट जड अल्कोहोलांचा. ब्रूअर त्यांना फ्युजेल म्हणतात. यीस्टची संख्या वाढत असताना ते वर्टमधली अमिनो आम्लं वापरतं, आणि त्या व्यवहारात ही अल्कोहोलं बनतात. थोडी असतील तर घोटाबरोबर ऊब जाणवते. जास्त झाली की घशात जळजळ आणि थिनरसारखा उग्र वास. हा दोष मुरवूनही फारसा जात नाही, म्हणून तो होऊ न देणं हाच उपाय.

आता तापमान. उबेत यीस्ट झपाट्यानं वाढतं, अमिनो आम्लं पटापट वापरतं, फ्युजेल वाढतात. केळ्याच्या वासाच्या एस्टरसारखे काही एस्टर याच अल्कोहोलांपासून बनत असल्यानं त्यांचंही प्रमाण चढतं. म्हणून तीन-चार अंशांचा फरक, जो आपल्या अंगाला कळतही नाही, तो बिअरमध्ये कळतो. मात्र प्रत्येक यीस्टची सहनशक्ती निराळी. एकाला २४ अंशांवर नेलं की थिनर मिळतो, दुसरं ३८ अंशांना संत्र्याच्या सालीचा मस्त वास देतं. यीस्टचं नाव न घेता ‘एल किती अंशांवर आंबवावी’ असं विचारलं, तर नेमकं उत्तर देताच येत नाही.

फिनॉलांचं थोडं वेगळं आहे. लवंगेचा वास देणारं ४-व्हिनाइल ग्वायाकॉल बनवण्याची क्षमता रानटी यीस्टमध्ये असते, पण ब्रूअरांनी शतकानुशतकं पोसलेल्या बहुतेक एल यीस्टांनी ती गमावली आहे. बेल्जियममधल्या ल्यूव्हन इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये १५७ यीस्टांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली, तिच्यात हे स्पष्ट दिसलं. जर्मनीतल्या बवेरियाच्या गव्हाच्या बिअरचं यीस्ट हा ठळक अपवाद. तिथे लवंग हवीच असते. म्हणजे लवंगेचा वास येणार की नाही हे आधी यीस्टच्या जनुकात ठरतं. अमेरिकन एल यीस्ट कितीही तापवा किंवा गारठवा, लवंग मिळणार नाही. मिळालीच तर बादलीत दुसरं कुणीतरी रानटी शिरलंय, स्वच्छता तपासा.

खोलीचं तापमान वेगळं, बिअरचं वेगळं

माझ्या मते घरगुती एल बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शर्करेचं अल्कोहोल होताना उष्णता बाहेर पडते. २० लिटर वर्ट घ्या, घनता १.०४८ (पाण्याची १.०००; शर्करा जितकी जास्त तितकी ती वर), म्हणजे साधी पेल एल, फिक्या रंगाची. तीत यीस्ट दीड किलोहून थोडी जास्त शर्करा फस्त करतं. त्यातून निघणारी सगळी उष्णता बादलीतच कोंडून राहिली असती, तर बिअर सुमारे १० अंशांनी तापली असती. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता बादलीच्या भिंतींतून बाहेर जाते. तरीही ऐन जोरात असताना आतलं तापमान खोलीपेक्षा ३ ते ५ अंश जास्त असणं अगदी नेहमीचं आहे. भिंतीवरचा थर्मामीटर २१ दाखवतो आणि तुम्ही निश्चिंत असता. यीस्ट मात्र २५ मध्ये काम करत असतं.

तेव्हा मोजायचं ते बिअरचं तापमान. थर्मामीटरचा सेन्सर बादलीच्या बाहेरून, वर्टच्या पातळीच्या खाली चिकटवा आणि त्यावर फोमचा किंवा जाड कापडाचा तुकडा दाबून बांधा, म्हणजे बाहेरच्या हवेचा परिणाम होणार नाही. एवढं केलं तरी आतल्या तापमानाचा विश्वासार्ह अंदाज येतो. बादलीवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात त्याही चालतात.

दुसरं म्हणजे वेळ. एस्टर आणि फ्युजेल यांचा मोठा भाग यीस्टची संख्या वाढत असताना, म्हणजे पहिल्या ४८ ते ७२ तासांत बनतो. तुमच्याकडे तापमान सांभाळायला थोडंच बळ असेल, थोडाच बर्फ असेल, तर तो सगळा या तीन दिवसांवर खर्च करा. पाचव्या दिवशी खोली २४ झाली तर स्वच्छ यीस्टच्या एलला सहसा काही होत नाही. पहिल्या रात्री झाली तर होतं.

यातून एक सवय लावून घेण्यासारखी आहे: यीस्ट टाकताना वर्ट इच्छित तापमानापेक्षा दोनेक अंश खालीच असू द्या. १९ ला आंबवायचं असेल तर १७ ला टाका. किण्वनाची स्वतःची उष्णता त्याला हळूहळू वर आणते. उलट, वर्ट २६-२७ अंशांना असताना ‘रात्रीतून होईल गार’ म्हणून यीस्ट टाकलं, तर तोपर्यंत ते जोमानं कामाला लागतं, स्वतःची उष्णता सोडतं आणि वर्ट गार होण्याऐवजी तिथेच अडकून राहतं. झाकण लावून वर्ट सकाळपर्यंत थंड होऊ द्यावं आणि मग यीस्ट टाकावं. भांडी निर्जंतुक असतील तर त्यात धोका कमी आहे, आणि गरम वर्टमध्ये यीस्ट टाकल्यानं होणारं नुकसान मात्र नक्की आहे.

यंत्रानं गारवा मिळायच्या आधी हे सगळं ऋतूंच्या भरवशावर चालायचं. बवेरियात १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायलाच बंदी घातली गेली, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची. इंग्लंडात मुरवायच्या चांगल्या एल ऑक्टोबरच्या गारव्यात बनत. मुंबई-कलकत्त्याला जहाजानं येणारी पेल एल या ऑक्टोबर बिअरच्याच कुळातली. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रं जर्मन ब्रूअरीत आली आणि ऋतूची सक्ती संपत गेली. घरच्या ब्रूअरला मात्र ऋतू अजूनही बघावाच लागतो.

गारवा करायचे घरगुती उपाय सोपे आहेत. बादली मोठ्या टबात ठेवा, टबात निम्म्यापर्यंत पाणी भरा आणि त्यात पाणी गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. एवढं पाणी आजूबाजूला असलं की तापमान एकदम उसळत नाही, हा त्याचा आणखी मोठा फायदा. बादलीला ओला टी-शर्ट घालून पंखा लावणं हा दुसरा उपाय, पण तो हवा कोरडी असेल तरच चालतो. नागपुरात वाळ्याचा कूलर खोली गार करतो आणि मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो, त्याचं जे कारण तेच इथेही: पाण्याची वाफ झाली तरच उष्णता निघून जाते. ॲरिझोनात ओला टी-शर्ट चार-पाच अंश उतरवेल, फ्लोरिडात त्याच्या नादी लागू नका.

ज्यांना हा छंद टिकवायचा आहे त्यांनी जुना फ्रिज आणि त्याला जोडायचा तापमान नियंत्रक घ्यावा. नियंत्रकाचा सेन्सर बादलीला चिकटवायचा, हवेत लोंबकळता ठेवायचा नाही. हिवाळ्यासाठी त्याच नियंत्रकाला गरम पट्टा जोडता येतो. नवीन चकचकीत स्टीलचा फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, घेण्याआधी ही खरेदी करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. स्टील चवीत फारसा बदल करत नाही, स्थिर तापमान करतं.

कुठल्या घराला कुठलं यीस्ट

आधी दोन गुण समजून घेऊ, कारण प्रत्येक पाकिटावर ते लिहिलेले असतात. ॲटेन्युएशन म्हणजे यीस्ट शर्करा किती टक्के संपवतं. १.०४८ चं वर्ट १.०१० पर्यंत उतरलं तर ते सुमारे ७९ टक्के; बिअर कोरडी, हलकी आणि जवळपास ५ टक्के अल्कोहोलची. तेच वर्ट १.०१५ ला थांबलं तर बिअर भरीव, किंचित गोडसर आणि सव्वाचार टक्क्यांच्या थोडी वर. फ्लोक्युलेशन म्हणजे काम संपल्यावर यीस्ट किती लवकर एकमेकांना चिकटून तळाला बसतं. पटकन बसणारं यीस्ट नितळ बिअर देतं, पण कधीकधी काम अर्धवट टाकूनही बसतं.

इंग्लंडातलं साधारण घर घ्या. हिवाळ्यात हीटिंग चालू असताना १९, रात्री बंद केल्यावर १४-१५. हा चढउतार कमी तापमानापेक्षा जास्त त्रासदायक, कारण पहाटे गारठलेलं यीस्ट झोपी जातं आणि लवकर बसणाऱ्या जातीचं असेल तर परत उठतही नाही. अशा घरात मी नॉटिंगहॅम यीस्टला पहिली पसंती देईन. लालमांड कंपनीचं हे कोरडं यीस्ट १४-१५ अंशांनाही निमूट काम करतं, चव स्वच्छ ठेवतं आणि तळाला घट्ट बसतं. बिटर, ब्राउन एल, स्टाउट, सगळ्यांना चालतं. थोडी जास्त इंग्लिश फळांची छटा हवी असेल तर फर्मेंटिस कंपनीचं एस-०४. ते १८ च्या आसपास छान वागतं. २१-२२ च्या वर गेलं की त्यातून पावासारखा, किंचित आंबट सूर निघतो असा बऱ्याच ब्रूअरांचा अनुभव आहे आणि माझी जीभही तेच सांगते. त्याला उन्हाळ्यात हात लावू नये.

विंडसर हे तिसरं इंग्लिश नाव. ते माल्टोट्रायोज खातच नाही, त्यामुळे बिअर गोडसर आणि भरीव राहते. माइल्ड ही अवघ्या साडेतीन टक्के अल्कोहोलची इंग्लिश एल पाणचट लागू नये म्हणून हे यीस्ट उत्तम. ते लवकर थांबलं म्हणून घाबरून पुन्हा यीस्ट टाकणारे लोक मी पाहिलेत. ते अडकलेलं नसतं, त्याला जे खाता येतं ते संपलेलं असतं. कडक, कोरडी आयपीए, म्हणजे हॉप्सनं कडवट केलेली पेल एल, हवी असेल तर ते निवडूच नये.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चिको गावी १९८० मध्ये सिएरा नेवाडा ब्रूअरी सुरू झाली आणि तिच्या पेल एलबरोबर तिचं यीस्टही पसरलं. फर्मेंटिसचं यूएस-०५, वाईस्ट कंपनीचं १०५६, व्हाइट लॅब्ज कंपनीचं डब्ल्यूएलपी००१ ही त्याच कुटुंबातली मानली जातात. स्वतःची चव मागे ठेवून हॉप्सना पुढे करणं हा या कुटुंबाचा गुण. १८ ते २० अंश ही त्याची सुखाची जागा, आणि २२ पर्यंत ते फारशी तक्रार करत नाही. पहिलीच बिअर बनवणाऱ्यानं हेच घ्यावं. छोट्या चुका ते पोटात घालतं. एकच खबरदारी: फार थंडीत, १५-१६ अंशांना, त्यातून पीचच्या फळासारखा वास येऊ शकतो. ‘थंड म्हणजे स्वच्छ’ हा नियम इथे कामाचा नाही.

आता टेक्सासमधलं घर. उन्हाळ्यात एसी चालू ठेवूनही खोली २४-२५, म्हणजे बादलीच्या आत २८. इथे टब आणि बर्फाशिवाय अमेरिकन पेल एलचा हट्ट धरू नये. त्याऐवजी जी यीस्टं उबेतच खुलतात त्यांच्याकडे वळावं. बेल्जियममधल्या फ्रेंच भाषकांच्या वालोनिया भागातली सेझों ही एल त्यासाठीच घडल्यासारखी आहे. बेल सेझों नावाचं कोरडं यीस्ट ३० अंशांच्या पुढेही काम करतं आणि मिरी, संत्र्याची साल अशा चवी देतं. द्युपॉं ब्रूअरीतून आलेलं मानलं जाणारं वाईस्ट ३७२४ त्याहून चवदार, पण लहरी: गार खोलीत ते मध्येच थांबतं आणि आठवडाभर हलत नाही. त्याला ३० च्या वर उबेत ठेवायची तयारी असेल तरच घ्यावं.

आणि गॅरेजमध्ये ३५ अंश असतील तर क्वाइक. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकरी घरांनी पिढ्यानपिढ्या जपलेली ही यीस्टं. लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून ती पुढच्या वेळेपर्यंत ठेवत, आणि वर्ट कोमट असतानाच त्यात टाकत. थंड देशातलं यीस्ट इतकी उष्णता मागतं याचं नवल वाटतं, पण त्या लोकांनी निवड केली ती लवकर आंबणाऱ्या आणि वाळवून टिकणाऱ्या यीस्टची. व्हॉस गावाकडचं क्वाइक आता पाकिटात मिळतं. ३५ ते ४० अंशांना ते तीन-चार दिवसांत काम उरकतं आणि फ्युजेलची जळजळ देत नाही. २२ अंशांना ठेवलं तर ते मंदावतं आणि त्याची खासियत दिसत नाही. घनता कमी असलेल्या वर्टमध्ये त्याला यीस्ट न्यूट्रिएंट घालावं लागतं, कारण त्याला सवय जड, पौष्टिक वर्टची आहे. भारताच्या हवेत वाढलेल्या माणसाला या यीस्टबद्दल आपुलकी वाटावी असंच ते आहे.

बवेरियन गव्हाच्या बिअरचं यीस्ट या दोन टोकांच्या मधलं, आणि तापमान शिकायला सगळ्यात चांगला गुरू. १७-१८ अंशांना ठेवलं तर लवंग पुढे येते आणि केळं मागे राहतं; २२ ला नेलं तर केळं पुढे. लवंग आणखी हवी असेल तर माल्ट भिजवतानाच ४३-४५ अंशांवर थोडा वेळ थांबतात. त्या तापमानाला धान्यातलं फेरुलिक आम्ल सुटतं, आणि यीस्ट त्याचंच लवंगेच्या वासात रूपांतर करतं.

किती यीस्ट टाकायचं

एलसाठी प्रचलित प्रमाण असं: प्रत्येक मिलिलिटरला, शर्करेच्या प्रत्येक प्लेटो अंशामागे (म्हणजे वर्टच्या वजनातल्या शर्करेच्या प्रत्येक टक्क्यामागे) साडेसात लाख पेशी. १.०४८ म्हणजे सुमारे १२ प्लेटो, त्यामुळे २० लिटरला १८० अब्ज पेशी लागतात. कोरड्या यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं ताजं पाकीट एवढ्याला पुरतं. १.०६५ च्या पुढच्या जड बिअरला दोन पाकिटं घ्या. द्रव यीस्टच्या पिशवीत बनवतेवेळी साधारण १०० अब्ज पेशी असतात आणि फ्रिजमध्येही त्या मरत राहतात, म्हणून तिला आधी स्टार्टरमध्ये वाढवावं लागतं: एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट उकळून, गार करून, त्यात एक-दोन दिवस. कमी यीस्टवर गरम खोली म्हणजे फ्युजेलला आमंत्रणच. कोरडं यीस्ट गार वर्टवर नुसतं भुरभुरलं तरी चालतं. नवशिक्यानं द्रव यीस्टच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये. आजची कोरडी यीस्टं फार चांगली आहेत.

शेवटचे दिवस

एअरलॉकमधले, म्हणजे झाकणावरच्या वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतले, बुडबुडे थांबले की बरेच जण बाटल्या भरायला घेतात. तेव्हा यीस्टचं एक काम बाकी असतं. वाढीच्या काळात ते अल्फा-ॲसिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं हळूहळू डायअसिटिल होतं, आणि त्याला लोण्याचा, बटरस्कॉचचा वास येतो. पुढे यीस्ट स्वतःच ते परत शोषून घेतं, पण त्यासाठी त्याला जागं आणि उबेत राहावं लागतं. लवकर तळाला बसणाऱ्या इंग्लिश यीस्टांत म्हणूनच हा दोष जास्त दिसतो. रिंगवुड यीस्ट तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. उपाय सोपा: घनता अपेक्षित शेवटापेक्षा चार-पाच अंकच वर उरली (शेवट १.०१० असेल तर १.०१५ ला आली) की तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा. १८ ला चाललेली एल २०-२१ ला आणा आणि दोन-तीन दिवस तिथेच ठेवा. फ्युजेलची भीती या टप्प्यावर उरलेली नसते.

काम झालं का हे तपासायची युक्ती अशी. दोन ग्लासांत थोडी थोडी बिअर काढा. एक ग्लास झाकून ६०-६५ अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, मग गार करा आणि दोन्हींचा वास घ्या. तापवलेल्या ग्लासात लोणी आलं तर त्याचा कच्चा माल अजून बिअरमध्ये शिल्लक आहे, आणखी दोन दिवस थांबा. दोन्ही स्वच्छ असतील तर बिअर २-४ अंशांपर्यंत गार करा, यीस्ट खाली बसतं.

बाटल्या भरण्याआधी घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचं माप दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा तेच आलं पाहिजे. इथे सुरक्षिततेचा प्रश्न आहे. बेल सेझोंसारखी काही यीस्टं डायस्टॅटिकस प्रकारची असतात. इतरांना न पचणारी लांब साखळीची शर्करा ती एका विकराच्या मदतीनं तोडतात आणि आठवडेच्या आठवडे सावकाश खात राहतात. घाईनं भरलेल्या बाटलीत त्यामुळे दाब वाढत जातो आणि काच फुटते. अशा यीस्टला पुरता वेळ द्या, जाड काचेच्या बाटल्या वापरा. त्यांच्यासाठी वापरलेल्या नळ्या आणि प्लास्टिकची बादली वेगळी ठेवा, कारण ओरखड्यांत राहिलेल्या थोड्या पेशी पुढच्या पेल एललाही कोरडीठाक करतात.

ज्यांच्या हातून साधी पेल एल नीट होऊ लागली आहे त्यांना एक प्रयोग सुचवतो. २० लिटर वर्ट एकत्रच शिजवा आणि दोन छोट्या फर्मेंटरमध्ये निम्मं निम्मं भरा. दोन्हींत एकच एस-०४ सारखं इंग्लिश यीस्ट सारख्याच वजनानं टाका. एक फर्मेंटर १७-१८ अंशांवर ठेवा, दुसरा २३ वर. हॉप्स कमी ठेवा, म्हणजे यीस्टची चव झाकली जाणार नाही. बाटल्यांवर खुणा करा, तीन आठवडे थांबा आणि कुठली कुठली हे न सांगता घरच्यांना दोन्ही प्यायला द्या. दुसऱ्या वेळी तापमान एकच ठेवून एका भागात नॉटिंगहॅम आणि दुसऱ्यात विंडसर टाका, आणि दोन्हींची शेवटची घनता लिहून ठेवा.